होटगी नेमकी कुठली?

फोनच्या नकाशात नुसतं ‘होटगी’ लिहा आणि खाली उमटणारी यादी बघा. होटगी रोड येतो, तो सोलापूर शहरातला, विमानतळाकडे जाणारा. होटगी स्टेशन येतं, जिथे मुंबई-चेन्नई लोहमार्गातून विजापूर-गदगची लाइन फुटते. सावतखेडच्या जोडीने ज्याचं नाव घेतात ते होटगी गाव येतं. शिवाय होटगीचा तलाव आणि होटगीचा मठ. आमच्याकडे यायला निघालेल्या पाहुण्याला आम्ही फोनवर पहिलं विचारतो ते हेच, “कुठल्या होटगीला येताय?”

गेल्या उन्हाळ्यात पुतण्याने जुना ‘छोटा हत्ती’ टेम्पो घेतला. डाळिंबाचे क्रेट, भाजी, कधी सिमेंटची पोती, जे भाडं मिळेल ते. आठवड्याभरात तो माझ्याकडे आला. “काका, गाडीला जीपीएस बसवायचाय. कुठला घेऊ?” सोलापुरात दोन दुकानांत त्याने चौकशी केली होती. एकाने डॅशबोर्डात बसणारी मोठी स्क्रीन दाखवली, तर दुसऱ्याने काडेपेटीपेक्षा जराशी मोठी, वायरी लोंबणारी काळी डबी पुढे केली. दोघांनीही आपापल्या वस्तूला ‘जीपीएस’च म्हटलं होतं.

पहिल्यांदा घेणाऱ्याचा गोंधळ इथेच होतो. स्क्रीनवाला प्रकार चालवणाऱ्याला रस्ता दाखवतो. डबीतला प्रकार घरी बसलेल्या मालकाला गाडी कुठे आहे ते कळवतो. पहिला नॅव्हिगेटर, दुसरा ट्रॅकर. दोघांच्या पोटात उपग्रहांचे संदेश ऐकणारी चिप सारखीच असते, काम मात्र निराळं. म्हणून मी त्याला उलट विचारलं, “तुला रस्ता विचारायचाय, की तू कुठे आहेस ते घरी कळायला हवंय?” तो म्हणाला, “दोन्ही.” त्याचं उत्तर प्रामाणिक होतं. पण दोन कामं एका खोक्यात कोंबायची नसतात, हे त्याला पटवायला मला एक संध्याकाळ लागली.

त्या संध्याकाळी आम्ही तलावाच्या बांधावर गेलो. वर मोकळं आभाळ, जवळ झाड नाही की इमारत नाही. मी त्याचा फोन फ्लाइट मोडवर टाकायला लावला. सिम बंद, इंटरनेट बंद. मग उपग्रह दाखवणारं एक मोफत ॲप उघडलं. सुरुवातीला पडदा रिकामा होता. थोड्या वेळाने एकेक रेघ उभी राहू लागली, प्रत्येक रेघ म्हणजे एकेक उपग्रह, आणि रेघ जितकी उंच तितका त्याचा संदेश ठळक. काही अमेरिकेचे, काही रशियाचे, काही युरोपचे, काही चीनचे, आणि भारताचेही. पुतण्या बघतच राहिला. “रेंज नसताना?” त्याने विचारलं. हो, रेंज नसताना. जागा ओळखायला मोबाइलचा टॉवर लागत नाही, डेटा लागत नाही आणि उपग्रहाला आपण काही पाठवतही नाही. आपण फक्त ऐकतो. आकाशवाणी ऐकणाऱ्या रेडिओसारखंच हे यंत्र आहे, आणि ऐकण्याला पैसे पडत नाहीत.

अमेरिकेचे जीपीएस उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि बारा तासांत एक फेरी पूर्ण करतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं. उपग्रह सतत एकच सांगत असतो: मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात इतके वाजलेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो, तरी डोक्यावरच्या उपग्रहाकडून आपल्यापर्यंत पोचायला सेकंदाचा साधारण पंधरावा हिस्सा लागतो. संदेश निघाल्याची वेळ आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकावरून उपग्रह किती लांब आहे ते कळतं. तीन उपग्रहांची अंतरं मिळाली की जागा ठरायला हवी. पण आपल्या फोनमधलं घड्याळ अणुघड्याळ नसतं, आणि सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाची चूक झाली तरी जागा तीनशे मीटर सरकते. ती चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो. चार मिळाले की जागा पक्की होते, आणि जास्त मिळतील तितकी ती अधिक स्थिर होते.

इथे आइन्स्टाइनचा संबंध येतो आणि तो मला फार सुंदर वाटतो. उपग्रह वेगाने फिरतो म्हणून त्याचं घड्याळ किंचित मागे पडतं, आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी म्हणून त्याहून जास्त पुढे जातं. दोन्ही धरून दिवसाला ३८ मायक्रोसेकंदांचा फरक पडतो. तो दुरुस्त केला नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून मोठी चूक साचेल. सोलापुरातून निघालेली गाडी होटगीच्या वेशीपाशी दिसायला लागेल. छोट्या हत्तीच्या डॅशबोर्डावरचा निळा ठिपका जागच्या जागी दिसतो, तो सापेक्षतेच्या सिद्धांताचा हिशेब धरल्यामुळे.

हा संदेश फारच क्षीण असतो. उपग्रहाचा प्रक्षेपक जेमतेम पन्नासएक वॅटच्या बल्बाच्या ताकदीचा, आणि तो वीस हजार किलोमीटरवर. पत्र्याच्या शेडखाली, बोगद्यात, काँक्रीटच्या छताखाली तो पोचत नाही किंवा भिंतींवर आपटून वाकडा पोचतो. आमच्या शेडमध्ये उभी असलेली गाडी पुढे ट्रॅकरवर अधूनमधून रस्त्यापलीकडे उभी दिसायची, ती याच कारणाने. काचेवर धातूचा अंश असलेली सनफिल्म लावली तरी संदेश मंदावतो. म्हणून यंत्र कुठलंही घ्या, त्याच्या अँटेनाला आभाळ दिसतंय ना हे आधी बघा. सोलापुरात स्क्रीन बसवून घेतलेल्या एका ओळखीच्या गाडीत अँटेनाची चौकोनी वडी डॅशबोर्डाच्या आत लोखंडी पट्टीखाली कोंबलेली निघाली. ठिपका रस्ता सोडून शेतातून धावायचा. वडी काचेखाली, वरच्या प्लास्टिकवर आणून चिकटवली आणि ठिपका रस्त्यावर आला. नवीन काही विकत घ्यावं लागलं नाही.

पहिल्यांदा सुरू केलेलं, किंवा महिनोन्‌महिने बंद राहिलेलं यंत्र जागा शोधायला वेळ लावतं. सगळ्या उपग्रहांचं ढोबळ वेळापत्रक संदेशातून पूर्ण उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हे वेळापत्रक इंटरनेटवरून उचलतो म्हणून त्याला जागा चटकन सापडते. सिम नसलेल्या यंत्राला तशी मदत नसते. अशा वेळी गाडी मोकळ्यावर उभी करून पंधरा मिनिटं थांबायचं, दुकानदाराकडे भांडायला जायचं नाही.

आता खोक्यावर काय वाचायचं ते. नुसतं ‘जीपीएस’ लिहिलेलं असेल तर ते जुन्या काळचं समजा. जीपीएससोबत रशियाचं ग्लोनास, युरोपचं गॅलिलिओ, चीनचं बैदू आणि आपलं नाविक, यांपैकी जितक्या यंत्रणा ऐकता येतील तितकं बरं. नाविकचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला आणि सातवा २८ एप्रिल २०१६ रोजी. भारत आणि भोवतालचा दीड हजार किलोमीटरचा टापू एवढंच त्याचं क्षेत्र, म्हणून सात पुरतात. त्यांतले तीन विषुववृत्तावर आपापल्या जागी स्थिर राहतील अशी आखणी होती. त्यांपैकी ८३ अंश रेखांशावरची जागा होटगीतून बघितली तर जवळपास डोक्यावर, थोडी दक्षिणेला कललेली येते. अमेरिकी उपग्रह उगवतात, मावळतात. तिथला उपग्रह मात्र जागचा हलत नाही.

पण यातल्या काही उपग्रहांची परदेशातून घेतलेली अणुघड्याळं बंद पडली. २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ या नव्या पिढीच्या उपग्रहात भारतात बनवलेलं रुबिडियम घड्याळ आहे, आणि साध्या फोनना ऐकता येईल अशा एल-१ या कंप्रतेवरही तो बोलतो. त्यानंतरचा एनव्हीएस-०२ जानेवारी २०२५ मध्ये गेला, पण त्याला ठरलेल्या कक्षेत नेता आलं नाही. मला नाविकचा अभिमान आहे, तरी पुतण्याला मी हेच सांगितलं की नाविक ‘सुद्धा’ ऐकणारं यंत्र घे, नाविकच्या एकट्याच्या भरवशावरचं नको. शक्य असेल तर एल-१ आणि एल-५ अशा दोन कंप्रता ऐकणारं घे. इमारतींवर आपटून आलेला संदेश ओळखून बाजूला सारायला दुसरी कंप्रता मदत करते.

एवढं समजलं की निवडीतला निम्मा गुंता सुटतो. उरलेला निम्मा नकाशात आहे, आणि खरी फसगत तिथेच होते. उपग्रह फक्त तुम्ही कुठे आहात ते सांगतो. पुढे डावीकडे वळा, हे उपग्रह सांगत नाही. ते नकाशा सांगतो, आणि नकाशा माणसांनी बनवलेला असतो, अमुक एका तारखेचा असतो.

आमच्या भागात ही तारीख किती झपाट्याने शिळी होते ते बघा. वर्षानुवर्षं आम्ही परगावच्या गाडीवाल्याला सांगायचो, “सिद्धेश्वर कारखान्याची चिमणी दिसली की समजा जवळ आलात.” १५ जून २०२३ रोजी विमानतळाला अडथळा ठरलेली ती चिमणी पाडली, आणि अख्ख्या पंचक्रोशीची रस्ता सांगायची खूण काही सेकंदांत गेली. सोलापूर-विजापूर महामार्गाच्या चौपदरीकरणात फेब्रुवारी २०२१ मध्ये एका पदराचा २५.५४ किलोमीटरचा रस्ता १८ तासांत तयार केला गेला आणि त्याचा विक्रम नोंदला गेला. ज्या नकाशात वर्षभर काही सुधारणा नाही, त्याला असे रस्ते कुठून माहीत असणार? देशभरच्या राष्ट्रीय महामार्गांना २०१० मध्ये नवे क्रमांक मिळाले. पुणे-सोलापूर-हैदराबादचा ९ नंबर ६५ झाला, विजापूरकडचा १३ नंबर ५२ झाला. २०१४ मध्ये विजापूरचं विजयपुरा आणि गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं, आणि २०२३ मध्ये शेजारच्या उस्मानाबादचं धाराशिव. जुन्या नकाशाला नवं नाव सापडत नाही, तर नव्यात कधी जुनं नाव टाकून भलतीच जागा उघडते.

म्हणूनच जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा नॅव्हिगेटर मोहात पडून घेऊ नका. नकाशा जुना हे एक कारण झालं. दुसरं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. जीपीएस आठवडे मोजतं, आणि जुन्या पद्धतीत ते १०२४ आठवड्यांपर्यंतच मोजता येतात. मग आकडा पुन्हा शून्यावर येतो. असं ऑगस्ट १९९९ मध्ये झालं आणि ६ एप्रिल २०१९ च्या रात्री पुन्हा झालं. ज्या जुन्या यंत्रांचं सॉफ्टवेअर सुधारलेलं नव्हतं, ती तारीख वीस वर्षं मागची दाखवू लागली आणि काहींचा जागेचा हिशेबही चुकू लागला. विकणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

नकाशावर डोळे मिटून विसंबणं जिवावर बेततं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. जानेवारी २०२१ मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक मोटार अकोले तालुक्यात कोतूळजवळ, रात्रीच्या अंधारात, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या पुलावर उतरली. फोनचा नकाशा तोच रस्ता दाखवत होता. चालकाचा बुडून मृत्यू झाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये उत्तर प्रदेशात बरेलीजवळ अर्धवट पुलावरून गाडी नदीत कोसळून तिघे गेले, तिथेही हेच. अशा बातम्यांत ‘जीपीएसने फसवलं’ असं लिहिलं जातं. पण त्या गाड्या कुठे आहेत हे उपग्रहांनी बरोबरच सांगितलं होतं. पूल पाण्याखाली आहे, पूल पुरा झालेला नाही, हे नकाशाला ठाऊक नव्हतं. रात्री अनोळखी रस्त्यावर समोर पाणी दिसलं किंवा डांबर अचानक संपलं, तर तिथेच थांबायचं आणि माणूस शोधायचा. हे मी पुतण्याला तीनदा सांगितलं आणि इथे चौथ्यांदा लिहितोय.

आमच्याकडची नेहमीची अडचण एवढी भयानक नसली तरी रोजची आहे. रेल्वेची फाटकं बंद होऊन खाली भुयारी रस्ते झाले, लोक त्यांना बोगदे म्हणतात. पावसाळ्यात त्यांत पाणी साचतं, आणि उंची ठरावीकच असते. फोनवरचे नेहमीचे नकाशे मोटार आणि दुचाकी एवढाच फरक ओळखतात. क्रेट रचून उंच झालेला टेम्पो त्यांच्या लेखी मोटारच. परदेशात ट्रकवाल्यांसाठी वेगळे नॅव्हिगेटर मिळतात, त्यांत गाडीची उंची, लांबी, वजन आधी भरलं की कमी उंचीचे पूल आणि कच्चे पूल टाळून रस्ता मिळतो. पण बोगद्यांची उंची नकाशात भरलेली असेल तरच त्याचा उपयोग. आमच्या आडरस्त्यांवर तेवढी नोंद झालेली नाही. तोवर जोखमीच्या जागा ड्रायव्हरनेच ध्यानात ठेवायच्या.

एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. गाडीत रस्ता दाखवणारं यंत्र उपग्रहांच्या मदतीशिवायही बनलं होतं. १९८१ मध्ये जपानच्या होंडाने ‘इलेक्ट्रो जायरोकेटर’ काढलं. त्यात पारदर्शक नकाशाचा कागद पडद्यापुढे सरकवायचा, आणि गाडी किती वळली, किती धावली यावरून ठिपका पुढे जायचा. आजही बोगद्यात उपग्रह दिसेनासे झाले की बरीच यंत्रं वेग आणि वळण मोजून ठिपका काही वेळ अंदाजाने पुढे नेतात, ती तीच जुनी युक्ती. आणि उपग्रह आल्यावरही सामान्य माणसाला चांगली अचूकता लगेच मिळाली नाही. १ मे २००० पर्यंत अमेरिका नागरी संदेशात मुद्दाम चूक घालत असे. ती बंद झाल्यावर शंभरेक मीटरची चूक दहा-वीस मीटरवर आली. गल्लीबोळात वळण दाखवणं खऱ्या अर्थाने तेव्हापासून शक्य झालं.

मग घ्यायचं काय? ज्याच्याकडे बरा स्मार्टफोन आहे त्याने रस्ता दाखवण्यासाठी वेगळं यंत्र घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मॅपमायइंडिया, गार्मिन यांचे काचेला चिकटवायचे नॅव्हिगेटर भारतात विकले जात आणि ते उत्तम होते. आज त्यांचं काम फोन करतो, आणि नकाशाही रोज ताजा होत राहतो. पैसे घालायचे ते दोन गोष्टींवर, मजबूत स्टँड आणि चांगला चार्जर. स्टँड काचेच्या मधोमध नको, समोरचा रस्ता झाकला जातो. डॅशबोर्डाच्या कडेला, नजर फार खाली न नेता दिसेल असा हवा. आमच्या सोलापूरच्या उन्हात पारा ४३-४४ अंशांवर जातो आणि काचेमागे ठेवलेला फोन तापून स्वतःच बंद पडतो. एसी असलेल्या गाडीत स्टँड जाळीजवळ लावावा. छोट्या हत्तीला एसी नसतो, तेव्हा सावलीची कड शोधायची आणि गाडी थांबली की फोन काढून खिशात ठेवायचा.

निघण्याआधी जिल्ह्याचा आणि पलीकडच्या कर्नाटकाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. मग रेंज गेली तरी रस्ता दिसतो, फक्त वाहतुकीची कोंडी कळत नाही. उतरवलेला नकाशा अधूनमधून नवा करावा लागतो. आवाजाची भाषा चालवणाऱ्याला चटकन कळणारी ठेवा. आमच्या भागात घराघरांत कन्नड आणि मराठी दोन्ही बोलतात, त्यामुळे कुणाला कुठली सोयीची ते त्यानेच ठरवावं. पण आवाज सुरू हवाच, म्हणजे डोळे पडद्यावर खिळत नाहीत. ठिकाण भरायचं ते गाडी उभी असताना. २०२० च्या दुरुस्तीपासून नियमही असा आहे की चालवताना हातातलं उपकरण फक्त रस्ता बघण्यासाठी वापरता येतं, आणि तेही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने.

डॅशबोर्डात बसणारा अँड्रॉइड स्टिरिओ हवाच असेल तर एवढं करा. दुकानात डेमो बघू नका, छताखाली काहीच कळत नाही. गाडी बाहेर मोकळ्यावर काढायला सांगा, नेट बंद करा, ठिपका येतो का आणि गाडीबरोबर सरकतो का ते बघा. जाहिरातीतल्या मेमरीच्या आकड्यांवर विश्वास ठेवण्यापेक्षा नकाशा आणि गाणं एकाच वेळी लावून पडदा अडकतो का ते बघितलेलं बरं.

ट्रॅकरची गोष्ट निराळी. तो उपग्रह ऐकतो आणि सापडलेली जागा सिममधून सर्व्हरला कळवतो. म्हणजे त्याला सिम लागतं, वर्षाचं रिचार्ज लागतं आणि कंपनीचं ॲप चालू राहावं लागतं. पहिल्या वर्षाची किंमत ऐकून हरखून जाऊ नका, दुसऱ्या वर्षापासून काय भरायचं ते लिहून घ्या. २जी वर चालणारा स्वस्त माल घेऊ नका, ४जी घ्या, आणि सिम आपल्या टापूत रेंज असणाऱ्या कंपनीचं आहे का विचारा.

होटगी स्टेशनात थांबणाऱ्या मालगाड्यांकडे बघून हा फरक समजतो. रेल्वेने इस्रोच्या मदतीने उभारलेल्या आरटीआयएस यंत्रणेत इंजिनावरचं यंत्र दर तीस सेकंदांनी गाडीची जागा नियंत्रण कक्षाला कळवतं. लोको पायलटला त्यातून रस्ता कळायचा नसतो, रूळ ठरलेलेच आहेत. दूर बसलेल्या माणसाला गाडी कळावी, एवढंच त्याचं काम. पुतण्याच्या डबीचंही तेच.

टॅक्सी, बस अशा प्रवासी वाहनांना एआयएस-१४० या मानकाचा ट्रॅकर आणि संकटात दाबायचं बटण सक्तीचं आहे. त्या मानकात नाविकही ऐकता यायला हवं अशी अट आहे. वाळू-मुरूम अशा गौण खनिजांच्या गाड्यांनाही महाराष्ट्रात जीपीएस लागतं. तुमच्या परवान्याच्या गाडीला काय लागतं ते दुकानदाराला नव्हे, आरटीओत विचारा. सक्ती असेल तर मान्यताप्राप्त यंत्रच घ्यावं लागतं, साधी डबी पासिंगला चालत नाही.

बसवताना तीन वायरी असतात: बॅटरी, अर्थिंग आणि इग्निशन. इग्निशनची वायर पुष्कळदा टाळली जाते, आणि मग गाडी चालू होती की बंद हे कळत नाही. डबी लपवावी, पण तिच्या वर प्लास्टिक यावं, लोखंड नको. बॅटरीची वायर कापली तरी आतली छोटी बॅटरी काही काळ चालते ना आणि वायर कापल्याचा निरोप येतो ना, हे वायर स्वतः काढून तपासा. दुकानदार आणखी एक सोय आग्रहाने विकतात: फोनवरून इंजिन बंद करायची. चोरीसाठी ती मोलाची आहे, पण धावत्या गाडीचं इंजिन बंद पडलं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. गाडी थांबल्यावरच ती लागू होईल अशी व्यवस्था असेल तर घ्या, नाहीतर त्या सोयीची वायर जोडूच नका. आणि गाडीवर ड्रायव्हर ठेवला असेल तर त्याला सांगून, त्याच्यासमोर डबी बसवा. चोरून ठेवलेली पाळत ज्या दिवशी उघडी पडते त्या दिवशी चांगला माणूस काम सोडून जातो.

पुतण्याच्या धंद्याला सर्वांत उपयोगी पडली ती गोष्ट मात्र फुकटची होती. आमच्या शिवारात घरं गावात नसतात, वस्त्यांवर असतात. अमक्यांची वस्ती, तमक्यांचा मळा. नकाशात त्यांचं नाव नाही. पण प्रत्येक जागेला अक्षांश-रेखांशाचे दोन आकडे असतात, होटगीसाठी सुमारे साडेसतरा आणि शहात्तर. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांशचिन्हानंतर चार आकडे घेतले की अकरा मीटरपर्यंत जागा पक्की होते, पाच घेतले की एक मीटरच्या आसपास. पाच आकडे पाठवले की शेताचं फाटक सापडतं. टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिनही याच आकड्यांपासून बनतो: देशातल्या सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा एक संकेत.

त्याने एक छोटी वही केली. जिथे माल उचलला, तिथे उभं राहून आकडे लिहून घेतले. पुढे मालकाचं नाव, बोगदा टाळायचा असेल तर तशी खूण, पावसात चिखल होत असेल तर तीही. पहिल्या पानावर आमचं घर, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘होटगी स्टेशन नव्हे’.

पावसाळ्याच्या तोंडावर त्याला विजयपुऱ्याचं पहिलं भाडं मिळालं. फोन स्टँडवर, नकाशा उतरवून घेतलेला, डबी डॅशबोर्डाच्या आत. वहिनी ओट्यावर बसून ट्रॅकरचं ॲप बघत होती. मंद्रूप गेलं, महामार्ग लागला, टाकळीजवळ भीमेचा पूल आला आणि ठिपका थांबला. पाच मिनिटं झाली, सात झाली. “थांबला का गं काय?” आई आतून म्हणाली. सिम एका राज्याच्या नेटवर्कवरून दुसऱ्याच्या नेटवर्कवर जात असेल, मी सांगितलं, यंत्र मधल्या जागा साठवून ठेवतं. वहिनीने मान हलवली, पण नजर पडद्यावरच होती. मग एकदम, एका दमात, पुलावरचे, पुलापलीकडचे, पुढच्या चढाचे सगळे ठिपके ओळीने उमटले, आणि शेवटचा ठिपका पुढे चालत होता.